उन्हात उभे राहणारे जीव

दुपारचे ऊन चढले म्हणजे गुरे झाडाच्या सावलीला येतात, पाखरे पानांआड लपतात आणि वाटसरू डोक्यावरचा पटका सावरीत जवळच्या विहिरीकडे वळतो. ज्याला पाय आहेत तो चालत जातो, ज्याला पंख आहेत तो उडून जातो. वनस्पतीला यांपैकी काहीच नाही. बी जेथे पडले तेथेच तिने जन्म काढावयाचा. ऊन असो, दुष्काळ असो, थंडीची लाट असो, तिला जागा सोडता येत नाही. मग ती जगते तरी कशी?

पुष्कळांना वाटते की, झाड हे मुकाट्याने सोसणारे असते, त्याला कशाची जाणीव नसते. हा समज बरोबर नाही. आपले थोर शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपल्या उपकरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की, बाहेरून आघात झाला म्हणजे वनस्पतीही त्याला प्रतिसाद देते. पुढे त्यांनी वनस्पतीची डोळ्यांना न दिसणारी वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र तयार केले आणि १९१७ मध्ये कलकत्त्यात बोस संशोधन संस्था स्थापन केली. त्यांच्यानंतर शास्त्रज्ञांनी वनस्पतीच्या पेशींच्या आत, थेट रेणूंपर्यंत शोध घेतला आहे. तेथे त्यांना जे दिसले त्याची ओळख आपण या पाठात करून घेऊ.

प्रकाश हेच अन्नाचे मूळ

प्रथम वनस्पतीच्या जेवणाचा विचार करू. १७७१ मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेच्या बंद हंडीत मेणबत्ती जाळली. थोड्या वेळाने ती विझली. त्याच हंडीत त्याने पुदिन्याची फांदी काही दिवस ठेवली. तेव्हा त्या हवेत मेणबत्ती पुन्हा जळू शकली! बिघडलेली हवा वनस्पतीने सुधारली होती. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस याने याच्या पुढचे सत्य दाखविले. हवा सुधारण्याचे काम वनस्पतीचे हिरवे भागच करतात आणि तेही केवळ प्रकाशात.

हे काम करणारा पदार्थ म्हणजे हरितद्रव्य. त्याचा रेणू मोठा चमत्कारिक असतो. मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू, त्याभोवती कार्बन व नायट्रोजन यांच्या अणूंचे कडे आणि मागे लांब शेपटी अशी त्याची घडण असते. सूर्यप्रकाशातील निळे व तांबडे किरण तो शोषून घेतो. हिरवे किरण त्या मानाने कमी शोषले जातात व परत फेकले जातात, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. शोषलेल्या प्रकाशाच्या बळावर पान पाण्याचे रेणू फोडते. त्यातून प्राणवायू बाहेर पडतो आणि उरलेल्या शक्तीचा उपयोग करून हवेतील कार्बन डायॉक्साइडपासून साखर बनते. आपल्या ताटातील भाकरीचा प्रत्येक घास मुळात अशा रीतीने पानात शिजलेला असतो.

प्रकाश हा निरोपही असतो

परंतु प्रकाश वनस्पतीला केवळ अन्नच देतो असे नाही. तो तिला निरोपही देतो. खिडकीत ठेवलेले रोप उजेडाकडे वाकते, हे आपण नेहमी पाहतो. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांवर प्रयोग केले व ते १८८० मध्ये प्रसिद्ध केले. कोंबाच्या शेंड्यावर अपारदर्शक टोपी घातली तर कोंब वाकत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे उजेड ओळखतो शेंडा आणि वाकतो खालचा भाग. तेव्हा शेंड्याकडून खाली काही निरोप जात असला पाहिजे. हा निरोप म्हणजे ऑक्झिन नावाचे द्रव्य होय, हे फ्रिट्स वेंट या डच शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून स्पष्ट झाले. उजेड एका बाजूने आला की ऑक्झिन अंधाऱ्या बाजूला जास्त जमते. त्या बाजूच्या पेशी अधिक लांब होतात आणि कोंब उजेडाकडे झुकतो. अशा निरोप्या द्रव्यांना संप्रेरके म्हणतात.

वनस्पतीला दिवस-रात्रीची लांबीही कळते. अमेरिकेतील गार्नर आणि ॲलर्ड या शास्त्रज्ञांपुढे तंबाखूच्या एका जातीचे कोडे होते. ती शेतात पुरुष-दीड पुरुष उंच वाढे, पण उन्हाळ्यात तिला फूल म्हणून येत नसे. त्यांनी ती झाडे रोज काही तास अंधाऱ्या खोलीत ठेवून त्यांचा दिवस लहान केला. तेव्हा ती भर उन्हाळ्यात फुलली! हे संशोधन १९२० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील प्रयोगांत तर असे दिसून आले की, अशा वनस्पती दिवसापेक्षा रात्रच मोजतात. लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला तरी त्यांचा हिशेब चुकतो व फूल येत नाही. आपली शेवंती याच वर्गातील आहे. म्हणूनच रात्री लांबू लागल्या की ती कळ्या धरते आणि रात्री दिवे लावून तिचा बहर पुढे ढकलता येतो.

रेणूचे दोन वेष

वनस्पतीला डोळे नाहीत. मग रात्र-दिवस ओळखतो कोण? याचे उत्तर कोशिंबिरीच्या सॅलड या पालेभाजीच्या बियांनी दिले. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी या बियांवर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश पाडून पाहत होते. तांबडा प्रकाश दिला की बिया रुजत. त्यानंतर अतितांबडा, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवणारा गडद प्रकाश दिला की त्या रुजत नसत. पुन्हा तांबडा दिला की पुन्हा रुजत. कितीही वेळा अदलाबदल केली तरी शेवटी जो प्रकाश मिळेल तोच निर्णय ठरवी. १९५२ मध्ये त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. बीमध्ये दोन रूपे धारण करणारा एकच रेणू असला पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले. १९५९ मध्ये तो रेणू खरोखरच सापडला. त्याचे नाव फायटोक्रोम.

फायटोक्रोम हे एक प्रथिन आहे. सुमारे ६६० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा तांबडा प्रकाश पडला की त्याची घडण बदलते आणि ते जागे होते. सुमारे ७३० नॅनोमीटरचा अतितांबडा प्रकाश पडला की ते पुन्हा निजलेल्या रूपात जाते. जागे झालेले फायटोक्रोम पेशीच्या केंद्रकात शिरते. तेथे 'लांब व्हा, हिरवे होऊ नका' असा हुकूम चालविणारी काही प्रथिने असतात. फायटोक्रोम त्यांना नाहीसे करविते. मग ज्या जनुकांना त्यांनी दाबून ठेवलेले असते ती कामाला लागतात व रोप हिरवे, आखूड आणि कणखर होऊ लागते.

याचे उदाहरण आपल्या घरीच पाहावयास मिळते. नवरात्रात घटाभोवती मातीत धान्य पेरतात. देवघरातील मंद उजेडात त्याचे कोंब पिवळे, नाजूक आणि लांबसडक वाढतात. दसऱ्याला तेच तुरे आपण टोपीत किंवा केसांत खोवतो. तेच धान्य उघड्या वावरात पेरले असते तर त्याची रोपे हिरवी व ठेंगणी झाली असती. घटातील कोंबाला वाटते की, आपण अजून मातीखालीच आहोत, म्हणून तो आपली सर्व शिदोरी उजेड गाठण्यासाठी लांब होण्यात खर्च करतो.

दाट पेरलेल्या शेतातही असेच काहीसे घडते. शेजारच्या रोपांची पाने तांबडे किरण खाऊन टाकतात, पण अतितांबडे किरण त्यांतून निसटून येतात. रोपातील फायटोक्रोम त्यामुळे निजू लागते. शेजारी गर्दी झाली आहे, हे रोपाने ओळखले! मग ते वर जाण्याची शर्यत करते. खोड उंच व बारीक होते आणि वाऱ्यात लोळते. शेतकरी वेळेवर विरळणी करतो, तेव्हा तो केवळ पाणी व खत वाचवीत नाही, तर प्रत्येक रोपाला स्वच्छ तांबडा प्रकाशही मिळवून देतो.

भाग्यही जेव्हा जड होते

आतापर्यंत आपण प्रकाशाचे उपकार पाहिले. पण दुपारचा प्रखर प्रकाश पानाला पेलवण्यापलीकडचा असतो. जेवढी शक्ती हरितद्रव्य गोळा करते तेवढी सारी साखर बनविण्यात खर्च होऊ शकत नाही. जात्यात दाणा नसताना ते फिरवीत राहिले, तर दगडावर दगड घासून जातेच झिजते. तसेच येथे होते. उरलेली शक्ती प्राणवायूच्या रेणूंना मिळाली तर ते विध्वंसक बनतात आणि पानातील प्रथिनांचा व हरितद्रव्याचा नाश करू लागतात.

यावर पानाने दोन उपाय योजलेले आहेत. पहिला उपाय पिवळ्या रंगद्रव्यांचा. ऊन प्रखर झाले की काही मिनिटांतच व्हायोलाझँथिन नावाच्या रंगद्रव्याचे झियाझँथिनमध्ये रूपांतर होऊ लागते. जादा शक्तीचे उष्णतेत रूपांतर करून ती निरुपद्रवी रीतीने सोडून देण्यास झियाझँथिन मदत करते. ऊन उतरले की त्याचे पुन्हा पहिले रूप होते. दुसरा उपाय दुरुस्तीचा. पाणी फोडण्याच्या यंत्रणेत डी-१ नावाचे एक प्रथिन असते. उन्हाचा पहिला मार त्यालाच बसतो. प्रखर प्रकाशात त्याचे आयुष्य तासाभराहूनही कमी असते. मोडलेले प्रथिन काढून त्याच्या जागी नवे बसविण्याचे काम पानात दिवसभर चालू असते. बाहेरून शांत दिसणाऱ्या पानात अशी अखंड डागडुजी चाललेली असते.

भूक की तहान?

आता आपल्या ओळखीच्या पिकाकडे वळू. सोलापूर आणि मराठवाडा या भागांत पावसाळा संपता संपता काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पेरतात. पुढे पाऊस बहुधा येत नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवरच तिला कणीस भरावयाचे असते. ओल दिवसेंदिवस खाली जाते, जमिनीला भेगा पडतात आणि ज्वारीची परीक्षा सुरू होते.

पानाच्या पृष्ठभागावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंस दोन रक्षक पेशी दारपाळांसारख्या उभ्या असतात. दार उघडले तर कार्बन डायॉक्साइड आत येतो, पण त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. कार्बन डायॉक्साइडचा एक रेणू मिळविण्यासाठी वनस्पतीला पाण्याचे शेकडो रेणू गमवावे लागतात. दार उघडे ठेवावे तर तहानेने मरण आणि बंद ठेवावे तर उपासमार! प्रत्येक कोरड्या दिवशी पिकाला या दोहोंमधून वाट काढावी लागते.

हा निर्णय एका लहानशा रेणूच्या द्वारे होतो. त्याचे नाव ॲब्सिसिक आम्ल. १९६० नंतरच्या काही वर्षांत कापसाची बोंडे का गळतात याचा शोध घेत असताना अमेरिकेत ते हाती लागले. पाण्याची ओढ लागली की पानांत व मुळांत हे आम्ल वाढू लागते. ते रक्षक पेशींपर्यंत पोहोचते. तेथे त्याला ओळखणारे एक ग्राहक प्रथिन असते. या ग्राहकाचा पत्ता शास्त्रज्ञांना २००९ मध्ये लागला. एरवी रक्षक पेशीतील एक प्रथिन दुसऱ्याला सतत बांधून ठेवते. आम्ल मिळताच ग्राहक त्या बांधणाऱ्यालाच पकडतो. बांधलेला मोकळा होतो व पेशीच्या पडद्यातील मार्ग उघडतो. त्या मार्गांनी पोटॅशियमादी क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी निघून जाते, फुगलेल्या रक्षक पेशी सैल पडतात आणि दार मिटते. हे सारे काही मिनिटांत घडते.

मात्र दार मिटले म्हणून संकट टळत नाही. कार्बन डायॉक्साइड आत येईनासा होतो, पण सूर्य तळपतच असतो. म्हणजे दाणा संपला आणि जाते फिरतेच आहे! जो प्रकाश एरवी अन्न देतो तोच आता घातक ठरतो. तहानलेल्या पिकाला ऊन अधिक का बाधते, याचे एक मोठे कारण हेच आहे. शिवाय वाफ जाणे थांबल्यामुळे पान थंडही राहत नाही. ते तापू लागते.

अशा वेळी पेशींत आणखी मदतनीस तयार होतात. प्रोलीनसारखी द्रव्ये साठून पेशीतील पाणी धरून ठेवण्यास साहाय्य करतात. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या उसकटू लागतात. त्यांना सावरून पुन्हा नीट घडी घालणारी विशेष प्रथिने मोठ्या प्रमाणावर निर्माण होतात. उष्णतेला असा प्रतिसाद मिळतो, हे प्रथम फळांवर बसणाऱ्या एका लहान माशीत रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाला १९६२ मध्ये दिसले. पुढे वनस्पतींतही तोच प्रकार आढळला. माशी आणि ज्वारी यांच्यात केवढे अंतर! पण उष्णतेशी झुंजण्याची रीत दोघींची एकच आहे.

ज्वारीजवळ याखेरीजही काही शस्त्रे आहेत. तिच्या ताटांवर व पानांवर मेणाचा पांढुरका थर असतो. तहान वाढली की तिची पाने सुरळीसारखी वळतात, त्यामुळे त्यांवर ऊन कमी पडते. शिवाय मका व ऊस यांच्याप्रमाणे ती कार्बन डायॉक्साइड प्रथम पकडून पानाच्या आतील खास पेशींत एकवटते. त्यामुळे दार थोडेसे किलकिले असले तरी तिचे भागते. गहू व भात यांना ही सोय नाही.

सोसण्यालाही सीमा असते

तरीही या साऱ्या उपायांना मर्यादा आहेत, हे विसरून चालणार नाही. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा ज्वारीसारखी काटक पिकेही हातची गेली. दारे फार दिवस बंद राहिली तर साखर बनत नाही आणि साखर नाही तर कणसात दाणा भरत नाही. पीक पोटरीत असताना आणि फुलोऱ्यात असताना तहान सर्वांत अधिक घात करते. म्हणून जवळ थोडेच पाणी असेल तर जाणता शेतकरी ते याच वेळी देतो. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी दिल्यासारखे आहे, असे शेतकरी मानतात, तेही उगीच नव्हे. कोळप्याने भेगा बुजतात, तण निघते आणि जमिनीतील ओल पिकासाठी शिल्लक राहते. ओल राहिली की पानातील आम्ल वाढत नाही, दारे उघडी राहतात आणि कणीस भरते. शेतकऱ्याचा अनुभव आणि शास्त्रज्ञाचा शोध हे येथे एकमेकांना भेटतात.

उष्ण आणि कोरड्या वर्षांत कोणती जात टिकेल, हे आता पानातील या रेणूंच्या अभ्यासावरूनही पारखले जाऊ लागले आहे. ज्या घराची भाकरी पावसावर अवलंबून आहे, त्या घराला या अभ्यासाचे मोल निराळे सांगावयास नको.

मुलांनो, पुढच्या खेपेस भर दुपारी शेताच्या बांधावरून जाल, तेव्हा वळलेल्या पानांकडे क्षणभर पाहा. ते पीक स्वस्थ उभे आहे असे वाटेल, पण त्याच्या प्रत्येक पानात दारे मिटत असतात, निरोप जात असतात, मोडलेले सांधले जात असते. ज्याला पळून जाता येत नाही त्याने जागेवर राहून कसे झगडावे, हे ते पीक न बोलता दाखवीत असते.

स्वाध्याय

१. खालील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रीस्टलीने केलेल्या प्रयोगावरून काय सिद्ध झाले?
(आ) कोंब उजेडाकडे का वाकतो?
(इ) नवरात्रातील घटाचे कोंब पिवळे व लांब का असतात?
(ई) ज्वारीची पाने दुपारी सुरळीसारखी का वळतात?

२. 'दार उघडे ठेवावे तर तहानेने मरण आणि बंद ठेवावे तर उपासमार' या वाक्याचे स्पष्टीकरण सात-आठ ओळींत करा.

३. कारणे द्या.
(अ) दाट पेरलेली रोपे उंच पण दुर्बळ होतात.
(आ) तहानलेल्या पिकाला ऊन अधिक बाधते.
(इ) थोडेच पाणी असल्यास शेतकरी ते पोटरीच्या वेळी देतो.

४. पाठात जात्याचा दृष्टान्त कोठे कोठे आला आहे? तो कोणत्या गोष्टीला लावला आहे ते लिहा.

५. खालील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : शिदोरी, डागडुजी, दारपाळ, काटक, हातचे जाणे.

६. करून पाहा : दोन कुंड्यांत मूग पेरा. एक कुंडी उन्हात व दुसरी अंधाऱ्या खोलीत ठेवा. दोन्हींना सारखेच पाणी घाला. आठ दिवस रोज रोपांची उंची व रंग यांची नोंद वहीत करा आणि दिसलेल्या फरकाचे कारण लिहा.